खारदांड्याचं माहेर

खारदांड्याच्या मासळीवाल्या मावशीने माझी बायको वाचवली, हे आधी सांगतो. अंधेरीच्या आमच्या चाळीत ती टोपली उतरवतानाच भांडायला लागायची. माझी बायको गावी पहिलटकरीण होती. तिथला दवाखाना खाडीपलीकडे, होडीनेच जायचं. त्याच होडीत माझी आई बाळंतपणात गेली. मला दुसरं काही सुचायचंच नाही.

"इथं आण ना रे तिला," मावशी म्हणाली.

"पहिलं बाळंतपण माहेरीच, म्हणतात सासरे."

"मग माझं घर तिचं माहेर. लिही तसं."

सासरे कबूल झाले. बायकोची बोट मुंबईला आली त्या दिवशी मावशी खण-नारळ घेऊन धक्क्यावर उभी होती. पुढे बायको अडली, पण दवाखाना जवळ होता. मायलेकी सुखरूप सुटल्या. मी रडलो, तर मावशी म्हणाली, "नाक पूस, पोर बघतेय."

आईने ही नात पाहायला हवी होती.

कधीतरी मावशीला गावी नेईन. आठ दिवस मासळी मी रांधीन, तिने नुसतं जेवायला बसायचं.