डबलताई आणि सारखे आकडे

आमच्या जिन्यात अशी अफवा होती, की माझी ताई रस्त्यापलीकडच्या कंपनीची हेर आहे. तिसऱ्या मजल्यावरचे शिंपीकाका ही बातमी सुई दातात धरून सांगायचे, त्यामुळे ती आणखीच भयंकर वाटायची. "पोरगी शिकायला जात नाही. तिथल्या बायकांवर नजर ठेवायला जाते. तिनं बोट दाखवलं, की ती बाई घरी." मी दातात काडी धरून त्यांची हुबेहूब नक्कल ताईला करून दाखवली. एरवी ती पोट धरून हसते. त्या दिवशी तिनं नुसतं विचारलं, "खालच्या काकूंनी ऐकलं का हे?"

तर खरं काय ते सांगते. ताई विद्यार्थिनी आहे, तीही दुप्पट. एकाच वेळी दोन पदव्युत्तर पदव्या करते, एक व्यवस्थापनाची आणि एक मानववंशशास्त्राची. म्हणून घरात ती डबलताई. बाबा पाहुण्यांना समजावतात, "एकीत माणसांकडून काम कसं करून घ्यायचं ते शिकवतात, दुसरीत माणसं अशी का वागतात ते. दोन्ही मिळून नोकरी कुठं लागते, ते अजून कुणी शिकवलेलं नाही."

तिला शिकवणारेही दोन टोकांचे. व्यवस्थापनाचे सर घड्याळाकडे बघत बोलतात: "गोष्ट नको, आकडा सांग." मानववंशशास्त्राच्या बाई इतक्या सावकाश बोलतात, की अख्खा वर्ग पुढं वाकतो: "ज्यांनी तुला आत घेतलं... त्यांचं नुकसान... तुझ्या हातून... नको." मी नकलेत दोघांना एका श्वासात भांडायला लावते. ताईच्या डोक्यात ते तसेच भांडत असणार.

दोन्ही पदव्यांसाठी तिनं एकच जागा निवडली आणि तिथंच फसली. मोठ्या रस्त्यापलीकडचं गोदाम, जिथं बायका घरगुती सामान खोक्यांत भरून पाठवतात. व्यवस्थापनासाठी तिला कंपनीचा प्रकल्प करायचा होता, आणि त्यावर मॅनेजरची सही झाली नाही तर पदवी नाही. मानववंशशास्त्रासाठी त्याच बायकांत बसून त्यांचं काम बघायचं होतं. तिला आत नेलं खालच्या काकूंनी. त्या आमच्या बरोबर खालच्या घरात राहतात आणि गोदामात खिडकीजवळच्या टेबलावर असतात. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "ही आमच्या वरची. आपलीच आहे." आणि ताईनं शब्द दिला, की इथं जे दिसेल त्यातलं कुणाचंही नाव बाहेर जाणार नाही.

गोदामात प्रत्येक टेबलाला एक स्कॅनर. खोकं भरलं की स्कॅन करायचं, की समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर त्या टेबलाचा आकडा वाढतो. कंपनीला सतावणारी गोष्ट अशी, की संध्याकाळी सगळे आकडे जवळजवळ सारखे असायचे. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही, त्यामुळे कोण कमी पडतं ते कळायचंच नाही.

"माणसं अशी नसतात," मॅनेजर म्हणाला. बायका त्याला गोडसाहेब म्हणतात, कारण तो कधीच आवाज चढवत नाही. तो जितका हळू बोलतो, तितक्या माना खाली जातात. मागं एकीला तो म्हणाला होता, "जरा आत येऊन बसता का?" ती तिच्या टेबलावर परत दिसलीच नाही.

ताईला उलगडा लवकर झाला. ज्यांचे हात चपळ, त्या भरलेलं खोकं स्कॅन न करता, खाली न बघता, कोपरानं शेजारणीकडे सरकवायच्या. शेजारीण पुढं. असं करत ते जिथं कमी पडत असेल तिथं पोचायचं, आणि बहुतेक वेळा ते खिडकीपाशी पोचायचं. काकूंचा उजवा हात थरथरतो. चिकटपट्टी सरळ लागत नाही. जिन्यात किल्ली कुलपात घालताना मी तो हात पाहिलाय. त्याची नक्कल मी कधी केलेली नाही.

आणि गोडसाहेबाला नेमकं तेच हवं होतं. "बाळ, तुझ्या प्रकल्पात मला एवढंच सांग. खोकी इकडची तिकडं होतात का, आणि कुणाकडे जातात. मग सही काय, लगेच."

भेटीच्या आदल्या संध्याकाळी ताई मला म्हणाली, "तू साहेब हो. मला सराव करायचाय." त्याला मी फोनवर ऐकलं होतं, तेवढं पुरे. मी हात टेबलावर जोडले, मान कलती केली.

"बाळ, पाणी घे. घाई नाही. सगळ्यांचे आकडे सारखे कसे गं?"

"सगळ्या सारख्याच मेहनती आहेत, सर."

"छान. खिडकीपाशी बसतात, त्याही?"

ताईचे कान लाल झाले. "तिथं... उजेड चांगला येतो."

"मी उजेडाचं विचारलं नव्हतं, बाळ."

आतून आई म्हणाली, "तो आवाज बंद कर बाई. घरात कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतंय."

आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिलं, आणि दर वेळी गाडी खिडकीपाशीच येऊन थांबली. ताईला खोटं जमतच नाही. लहानपणी लपाछपीत शोधणारा जवळ आला, की ही स्वतःच खोकायची.

"तू उद्या काकूंचं नाव सांगून येणार," मी म्हणाले. "पैज."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर महिनाभर कुणाची नक्कल नाही."

"महिनाभर जगशील का तू?"

"मी हरतेय कशाला?"

दुसऱ्या दिवशी ती परतली, तेव्हा तिच्यामागून काकूही कठडा धरत वर आल्या. ताई बूट न काढताच बसली. तिनं झालेलं सगळं सांगितलं. तिला नक्कल येत नाही, त्यामुळे साहेबही तिच्याच आवाजात बोलला, आणि ते माझ्या नकलेपेक्षा वाईट वाटलं.

"त्यानं विचारलं. मी म्हटलं, मला माहीत आहे सर, पण सांगणार नाही. बायकांना शब्द दिलाय."

"मग?"

"हसला. म्हणाला, म्हणजे काहीतरी आहे तर. थँक यू बाळ, एवढंच हवं होतं." ती बुटांकडे बघत होती. "माझ्यासमोरच कुणाला तरी फोन केला. सोमवारी टेबलांच्या मध्ये काचा बसणार आहेत. आरपार दिसेल, पण काही सरकवता येणार नाही."

"आणि सही?"

"बघू म्हणाला."

वाटेत तिनं मानववंशशास्त्राच्या बाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "शब्द पाळलास... पण 'मला माहीत आहे'... हे कशाला म्हणालीस?"

मी बोलायला नको होतं. पण मी म्हणाले, "म्हणजे पैज मीच जिंकले. त्याला कळलं ते हिच्यामुळेच."

काकूंनी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. "पैज काय होती?"

मी सांगितली.

"घेतलं का तिनं माझं नाव?"

"नाही, पण..."

"मग हरलीस तू. पण-बिण काही नाही." त्यांनी ग्लास जपून खाली ठेवला. तरी थोडं पाणी सांडलंच. "तू त्याचा आवाज छान काढतेस म्हणे. एकदा काढ बघू. सोमवारी माझा आकडा मागं पडला, की आत बोलावून मला काय म्हणेल, ते आज ऐकून ठेवते. आधी ऐकलेलं असलं म्हणजे तिथं मान खाली जाणार नाही."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. साहेबाचं बोलणं माझ्या घशात तयार होतं. काकू, बसा ना. पाणी घ्या. घाई नाही.

"मी हरलेय ना, काकू," मी म्हणाले. "महिनाभर बंद."