करकरणारे जोडे

राजवाड्याच्या मोच्याची धाकटी लेक दिसायला नुसती काडी, पण सुरा फेकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. महाराजांच्या खास मारेकऱ्याच्या जागेसाठी जीवघेण्या परीक्षा चालल्या होत्या आणि आता दोघंच उरले होते, ती आणि प्रधानांचा भाचा. काळोख्या दालनात दोघांना कोंडायचं, जिवंत बाहेर येईल तो जिंकला. प्रधानांनी दालनाची खडान्‌खडा माहिती भाच्याला आधीच पुरवली होती.

भाचेसाहेबांनी मात्र ऐटीसाठी आदल्याच दिवशी तिच्या बापाकडून नवे जोडे उचलले. "अहो, दोन दिवस तेल पिऊ द्या त्यांना," बाप सांगत राहिला. पण ऐकतो कोण!

दालनात पहिली करकर झाली, अनवाणी पोरीने त्या रोखाने सुरा फेकला आणि खेळ खलास.

राणीसाहेबांनी तिला बाजूला घेऊन पाठ थोपटली. "बापाला सांग, महाराजांसाठीही असाच एक जोड कर. आणि तेल अजिबात लावू नको म्हणावं."

पोरगी हसत हसत "हो" म्हणाली, पण अर्ध्या जिन्यात तिचे पाय थबकले. माप बापाने घ्यायचं होतं आणि नेम तिने.