लॅबमध्ये पाणी आणू नये

परळच्या ज्या कॉलेजात मी शिकले, तिथल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये भिंतीवर नियमांचा मोठा फलक होता. चपला बाहेर काढाव्यात. पेन ड्राइव्ह लावू नये. खाद्यपदार्थ व पाणी आत आणू नये. मशीनचे नुकसान झाल्यास विद्यार्थ्यास जबाबदार धरले जाईल. हा फलक मनापासून वाचणारी बहुधा मी एकटीच होते, आणि त्याचा मला आजही राग येतो. बाकीची पोरं सरळ मोज्यांत पेन ड्राइव्ह लपवून आत न्यायची. चपला-बूट काढायला लावले तरी मोजे कोण तपासणार?

मला असली हुशारी परवडणारी नव्हती. घोडपदेवच्या चाळीत आमची एक खोली, त्यात चार माणसं. कॉम्प्युटर नव्हता आणि असता तरी ठेवायचा कुठे हा प्रश्न होताच. लॅबमधून हाकललं असतं तर माझं शिक्षणच संपलं असतं. म्हणून शेवटच्या वर्षाचा सगळा प्रोजेक्ट मी लॅबमधल्या खिडकीजवळच्या मशीनवर केला आणि तिथेच ठेवला. बाहेरगावाहून परळच्या हॉस्पिटलांत आलेल्या पेशंटांच्या नातेवाइकांना उतरायला जागा शोधून देणारं ॲप होतं ते. ती माणसं फुटपाथवर चादर अंथरून झोपलेली मी रोज येता-जाता बघत होते. मेल आणि ऑनलाइन ड्राइव्ह लॅबमधून उघडत नसत. "शेवटी सगळ्यांचे प्रोजेक्ट मीच काढून देईन," असं लॅब असिस्टंट म्हणाले होते, आणि मी विश्वास ठेवला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये पूजा असायची. आम्ही बौद्ध. आमच्याकडे दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात जातात, यंत्रांना हळदकुंकू लावत नाहीत. पूजेला ये म्हणून मला कोणी जबरदस्ती केली नाही, हेही सांगायला हवं. मी आपली काचेच्या दाराबाहेर उभी राहून गंमत बघत होते.

फोटो चांगला यावा म्हणून सगळी मशीनं चालू ठेवली होती आणि प्रत्येक स्क्रीनवर देवीचं चित्र लावलं होतं. खिडकीजवळ उजेड बरा, म्हणून पाण्याने भरलेला तांब्या, वर आंब्याची पानं आणि नारळ, असा सगळा थाट माझ्याच मशीनच्या डब्यावर मांडला होता. त्या डब्याचं वरचं झाकण कधीच ढिलं झालेलं. फोटोसाठी सगळे दाटीवाटीने उभे राहिले, कोणाचं तरी कोपर लागलं आणि तांब्या आडवा झाला. माझी स्क्रीन काळी झाली. मी काचेवर हात आपटला. आतून एकाने मला हातानेच 'थांब जरा' अशी खूण केली, कारण फोटो अजून निघायचा होता. मग विभागप्रमुख मॅडमनी हसत हसत ओढणीच्या टोकाने डबा पुसला.

सुट्टीनंतर मशीन सुरू झालं नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून सांगितलं, आत पाणी गेलंय, डिस्कही गेली. माझं सगळं काम त्या डिस्कवर होतं. मी रडायचीसुद्धा विसरले, कारण तेवढ्यात मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"त्या मशीनवर तूच बसतेस ना? बॅगेत पाण्याची बाटली असते तुझ्या."

"बॅग बाहेर असते मॅडम. पूजेला तांब्या सांडला ना, त्याचं पाणी आहे ते."

"तू होतीस पूजेला?"

"बाहेर होते. काचेतून दिसलं."

"आत नव्हतीस ना? मग उगाच काहीही बोलू नकोस."

संस्थेला मशीन का बिघडलं ते कळवायचं होतं, आणि पूजेत बिघडलं असं कळवायची मॅडमची छाती नव्हती. जे आत होते त्यांतलं कोणीही तोंड उघडेना. माझ्या डब्यातल्या सुकटीवर रोज ताव मारणारी मैत्रीण जिन्यात मला म्हणाली, "जाऊ दे ना यार, मला पण प्रॅक्टिकलला बसायचंय." तिचंही खरंच होतं, पण मी तिला माफ केलेलं नाही. मला सांगण्यात आलं, पालकांना घेऊन ये आणि माफीनामा दे, नाहीतर प्रॅक्टिकलला बसता येणार नाही.

पप्पा पालिकेत कारकून. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. केबिनबाहेर त्यांनी मला एवढंच विचारलं, "तू सांडलंस?"

"नाही."

"बरं."

आत गेल्यावर मॅडमनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. पप्पांनी तो स्वतःकडे ओढला. "पालक म्हणून मीच लिहितो मॅडम," म्हणाले आणि लिहिलं, की माझ्या मुलीच्या हातून लॅबमध्ये पाणी सांडले, याबद्दल मी दिलगीर आहे. खाली पूर्ण नाव, आडनावासकट. मॅडम त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान असतील. तरी ते हात जोडून उठले.

जिन्यात मी भडकले. "पप्पा, तुम्ही खोटं का लिहिलंत?"

"तू लिहिलं असतंस तर तुला जन्मभर खुपलं असतं. मला सवय आहे."

मला त्या क्षणी मॅडमपेक्षा त्यांचाच जास्त संताप आला.

प्रोजेक्ट मी अँटॉप हिलला आत्याच्या सरकारी क्वार्टर्समध्ये, आत्तेभावाच्या लॅपटॉपवर पुन्हा केला. वेळ उरला होता त्यात निम्माच झाला. परीक्षकांनी विचारलं, एवढंच का? मी म्हटलं, एवढंच. काठावर पास झाले.

मॅडमनी मात्र पप्पांचा माफीनामा प्लास्टिकमध्ये घालून लॅबच्या दारावर चिकटवला, इतरांना धडा म्हणून. चपला काढायला वाकलेला प्रत्येक जण तो वाचायचा. आडनाव वाचून काही जण माझ्याकडे वळून बघायचे, आणि त्या बघण्यात काय असायचं ते मला चांगलं कळायचं. पहिल्या वर्षाच्या मुली येऊन विचारायच्या, "ताई, पाणी सांडणारी ती तूच का गं?"

मी हो म्हणायची. नाही म्हटलं असतं तर पप्पा खोटे ठरले असते.