पांढऱ्या मेंढ्यांचं पाणी

माझ्या सहाही पांढऱ्या मेंढ्या जिवंत परत आल्या, याचा आधी मला आनंदच झाला. मग धनगर तात्यांच्या छोट्याशा कळपाकडे लक्ष गेलं आणि मी हबकलो. काळ्या मेंढ्या सगळ्या होत्या. जाताना त्यांच्यामागून पळणारी कोकरं नव्हती.

ही एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट. मी जळोचीला बागायत बघत होतो आणि शेतकी शिकून आल्याची मिजास अंगात मुरलेली होती. त्याच मिजाशीत परमुलखातल्या मऊ लोकरीच्या या मेंढ्या आणल्या. पण कालव्याकाठच्या ओल्या रानात त्यांचे खूर सडायला लागले. त्यांना कोरडी जमीन हवी होती. तात्या दर हिवाळ्यात खतासाठी आमच्या रानात कळप बसवायचे. उन्हाळ्याच्या तोंडावर ते लोणी देवकरच्या माळाकडे निघाले, तेव्हा मी माझ्या मेंढ्या त्यांच्या हवाली केल्या.

"ह्यांस्नी पानी किती लागतं, मालक?" त्यांनी विचारलं होतं.

"तुमच्यांना लागतं तेवढंच. मेंढरू ते मेंढरूच," मी ठोकून दिलं. खरं तर मी कधी बघितलंच नव्हतं. पाटाच्या पाण्यानं आमचा हौद सदा काठोकाठ असायचा. कोण किती पितं हे बघायची आम्हा बागायतदारांना गरजच कधी पडली नाही.

"कोकरं कुठं आहेत, तात्या?" आता मी विचारलं.

"ग्येली." तात्या बांधावर टेकले. "आमची काळी येक दिसाआड पित्यात. तुमच्या पांढऱ्यांला सकाळ-संध्याकाळ लागायचं, न्हाय मिळालं तर चाऱ्याला त्वांड लावायच्या न्हाईत. हिरीत पानी थोडं. मग काळ्यांचं कमी करून ह्यांस्नी पाजलं. काळ्यांचं दूध आटलं."

"अहो, मग माझ्या मरू द्यायच्या होत्या."

"तुमी इस्वासानं दिल्या हुत्या."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. मला स्वतःचीच शिसारी आली. मी म्हणालो, "हौदावर घ्या त्यांना. हवं तेवढं पिऊ द्या."

काळ्या मेंढ्या थोडं पिऊन बाजूला झाल्या. मग माझ्या सहा जणी पुढे घुसल्या. मी हौदाशी उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा त्यातलं पाणी खाली जाताना बघितलं.