अजिंठ्याच्या डोंगराचा आकडा

“मॅडम, शेंद्र्याच्या सगळ्या कारखान्यांपेक्षा अजिंठ्याजवळच्या फर्दापूरचं जंगल जास्त वाफा सोडतं? हे मी दिल्लीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवू?” आमचे विभागप्रमुख जाधव सर यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

तक्त्यातली जंगलाची रांग मी पुन्हा वाचली. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून पंचेचाळिशीत मी या ऑफिसात आले. चूक माझीच असणार, असे मला आधी वाटते.

देशाच्या हवेत कोण काय आणि किती सोडते, याचा अंदाज बांधणे हे आमचे काम. प्रत्येक धुराड्याला यंत्र लावता येत नाही. म्हणून किती इंधन जळाले ते पाहायचे आणि त्याला एमिशन फॅक्टरने, म्हणजे किलोमागे किती प्रदूषक निघते त्या प्रमाणाने, गुणायचे. झाडांनाही असा फॅक्टर असतो. काही झाडे उन्हात आयसोप्रीन नावाची वाफ सोडतात. ती दिसत नाही. परंतु गाड्यांच्या धुराशी मिळून जमिनीलगतचा, श्वासाला घातक ओझोन तयार करते.

“सोमवारपर्यंत सिद्ध करा. नाहीतर त्या रांगेत शून्य,” सर म्हणाले.

शून्य लिहिले असते, तर झाडांचा वाटाही हिशेबात गाड्या आणि कारखान्यांच्या माथी गेला असता.

दुसऱ्या दिवशी फर्दापूरच्या वर, पळसाच्या एका फांदीवर पारदर्शक पिशवी चढवली आणि नळीने यंत्राला जोडली. आमचे ड्रायव्हर शेखभाई जवळ आले.

“मॅडम, झाडाला सलाईन लावलं का?”

“नाही हो. ते काय सोडतं, ते बघायचंय.”

ऊन चढले तसा आकडाही चढला. मी पिशवीवर काळे कापड टाकले. काही मिनिटांत आकडा खाली आला. कापड काढले, पुन्हा वर.

“पर्दा टाकला की झोपतंय व्हय हे!” शेखभाई म्हणाले. “लई नाटकी झाड हाय. परत टाका ना, मॅडम.”

मी परत टाकले. खरे तर त्याची गरज नव्हती. आयसोप्रीनचे सूत्र मी फळ्यावर कितीदा लिहिले असेल. इथे एक निश्चल फांदी ते माझ्यासमोर घडवत होती, आणि तिच्यामागे डोंगरउतारभर तशाच फांद्या उन्हात उभ्या होत्या.

सोमवारी सरांनी नोंदी बारकाईने पाहिल्या. मग विचारले, “होळीला पळसावर पानं असतात का हो?”

“नाही. नुसती फुलं.”

“मग तुमच्या हिशेबात बारा महिने पानं कुठून आली?”

मी सदाहरित जंगलाची रीत इथे लावली होती. पानगळीचे महिने वगळले. आकडा बराच उतरला, तरी शेंद्र्याच्या वरच राहिला.

मीटिंगमध्ये सरांनी माइक माझ्याकडे सरकवला. पलीकडून कुणीतरी हसत विचारले, “मग काय, झाडं तोडायची?”

“नाही, सर,” मी कशीबशी म्हणाले. “झाडं वाफ सोडणारच. धूर मात्र आपला आहे.”

ती रांग कायम राहिली. तेव्हापासून झाडाला फॅक्टर लावण्याआधी मी एवढेच विचारते, की या महिन्यात त्याला पाने आहेत का.