चार्जरच्या वायरीची निरगाठ

वायरीला गाठ मारू नये. गावात कुणी चार्जरची वायर गाठ मारून खिशात कोंबताना दिसला की मी त्याला तोंडावर सांगतो. लोक म्हणतात, म्हातारी गेल्यापासून म्हाताऱ्याला वायरीचं वेड लागलंय. लागू द्या.

माझी शाळा चौथीत सुटली. हयात बैलांमागं गेली. बैलाचं दावं ओढून निरगाठ मारायची आणि मग निवांत झोपायचं, हे मला बापानं शिकवलं. दावं गाठीनं तुटत नाही. फार तर झिजतं, आणि झिजलेलं डोळ्याला दिसतं. वायरीचं तसं नाही. ती आतून तुटते आणि वरून धडधाकट दिसते.

बायकोला बीडच्या दवाखान्यात ठेवली होती. छातीत पाणी झालं होतं. पोरगा आणि सून ऊस तोडायला कर्नाटकात गेलते. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. त्यातला एक उठून आला की कोयता मोडतो, म्हणून मुकादम फड संपल्याशिवाय सोडत नव्हता. हिचा एकच धोशा, पोराचं तोंड दाखवा. आवाज रोज ऐकायची. आवाजानं भागत नाही म्हणायची.

फोन पोराचाच जुना होता, माणूस दिसणारा. पण त्याची बॅटरी बसलेली. वायर काढली की फोन बंद. बटण भिंतीला वर, खाट इकडं. वायर घसरून खाली पडायची, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात यायची. मग मी खाटेच्या लोखंडी दांडीला तिची निरगाठ मारली. शेजारच्या खाटेपाशी तेलगावकडची एक बाई सासूजवळ बसलेली असायची. ती बघून म्हणाली, "मामा, वायर बांधलीय का बैल?"

"पळून जाऊ नये म्हणून बांधलीय," मी म्हणालो.

हिनं डोळे मिटल्या मिटल्याच म्हटलं, "बैल पळाला तर हुडकून आणतील. मी पळाले तर बसतील गाठ सोडीत."

बाई हसली. मी नाही हसलो.

गाठ पक्की बसली होती, तिथंच घोळ झाला. गाठ हलेना, म्हणून सगळा ओढा पिनेपाशी आला. फोन उशाला, आणि वायर त्याच्या तोंडाशी मान मोडल्यासारखी वाकलेली. हिला पाणी पाजलं की धक्का, चादर बदलली की धक्का. काढताना मीही वायरीलाच धरून हिसडायचो. मग चार्जिंगची खूण येऊ-जाऊ लागली.

पोरानं सांगितलं होतं, उद्या दुपारी गाडी भरून गेली की रस्त्याला येतो, तिथं रेंज हाय, तवा तोंड दाखवतो. नेमका त्या दुपारी फोन बंद पडला. पिनेपाशी वायर वाकवून धरली की पेटायचा, सोडली की जायचा. त्या बाईनं आपली वायर दिली, ती बसेना. तिची पिन नवी, रुंद. आमच्या फोनचं तोंड जुनं, बारीक. "थांबा मामा, फाटकाबाहेरून आणून देते," म्हणून ती गेली. मी वायर वाकवून धरून फोन पेटवला, आणि ती जिन्यात असेल तोवर तो वाजला.

मी फरशीवर बसलो. दोन्ही अंगठ्यांनी वायरीची मान दाबून धरली. फोन हिच्या हातात. खालून मला फोनची पाठ दिसत होती आणि हिचं मनगट. हिच्या बांगड्या वाजल्या.

"माय, दिसतोय का?"

"दिसतोस. काळा पडलास लई. तोंडाला काय लागलंय?"

"पाचटाची धूळ हाय."

"मग धू की. सून कुटं हाय?"

"मोळ्या बांधायलीय. बाबा कुटं हायत?"

"खाली बसलेत. कासरा धरून." असं म्हणून ही हसली. हसली आणि खोकला आला.

"दाखव की त्यांना."

हिनं फोन माझ्याकडं वळवायला घेतला. मी म्हणालो, "हलवू नको गं. जाईल ते."

"ऐकलंस? माझ्यावर आजबी वरडतेत."

 मग बराच वेळ ही नुसती बघत होती. माझ्या अंगठ्यांना मुंग्या आल्या, पण मी हाललो नाही. शेवटी तीच म्हणाली, "जा, जेव आता. भाकर वाळून गेली असंल."

मी अंगठे काढले. फोन गेला. बाई नवी वायर घेऊन आली तेव्हा हिला डोळा लागला होता. त्या वायरीवर तोंड दाखवायची वेळ पुन्हा आली नाही. पोरगा पोचला तो अग्नी द्यायलाच.

तेरावं झाल्यावर मी जुनी वायर ब्लेडनं उभी चिरली. आत तांब्याच्या तारा, केसासारख्या. पिनेपाशी बहुतेक तुटलेल्या, काही एकमेकींना नुसत्या टेकलेल्या. मी दाबून धरलं होतं ते एवढंच टेकणं. गाठीच्या जागीही काही तुटल्या होत्या.

तेव्हापासून सांगतो. वायर काढताना पिनेचं डोकं धरा, वायर ओढू नका. हातावर आवळून गुंडाळू नका, कासरा खुंटीला टांगतो तसे मोठे सैल वेढे घ्या. फोन वायरीला लोंबकळत ठेवू नका. चार्जिंगला लावून, वायरीची मान मुरगाळून बघत बसू नका. बघायचंच असेल तर वायर सरळ राहील असं बसा. आणि बॉलपेनमधली स्प्रिंग ताणून पिनेच्या मानेवर चढवा. मग वायर वळते, पण मोडत नाही.

पोरगा परत फडावर निघाला त्या सकाळी मी त्याच्या वायरीला स्प्रिंग चढवत बसलो होतो. तो बूट घालत होता. मी विचारलं, "तवा कशी दिसत होती रे?"

"कवा?"

"फोनवर. मला खालून दिसलं न्हाई."

तो म्हणाला, "फोन लागल्या लागल्या आधी डोक्यावरचा पदर नीट केला तिनं. माझ्यामागं टोळीतली माणसं हुबी होती ना."

मी स्प्रिंगचा शेवटचा वेढा बसवला आणि वायर त्याच्या हातात दिली. बांगड्या वाजल्या होत्या त्या पदर सावरताना. मला वाटलं होतं, हात कापत होता म्हणून.