पलीकडच्या काठावरचं मंगळसूत्र

जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या कोचिंग क्लासांमागच्या गल्लीत एक गोष्ट पक्की ठरून गेली होती. दिनकर आजोबांच्या माडीवर भाड्यानं राहणाऱ्या विनता मावशीचं बरगी धरणाच्या पाण्यापलीकडे कुणीतरी आहे. आधी तिच्या मनगटावरचं घड्याळ गेलं. मग ते परत आलं नि कानातले गेले. ते आले, तर दसऱ्याच्या तोंडावर चक्क मंगळसूत्रच गेलं. समोरच्या बेबीकाकूंनी मेथी निवडता निवडता गॅलरीतून हे सारं टिपलं होतं. हे सांगताना त्यांची डावी भुवई वर चढायची आणि आवाज तळघरात उतरायचा. "बाई नावेत बसते भरल्या गळ्यानं, नि उतरते रिकाम्या गळ्यानं. आता मी काय बोलू. मी तर बोलतच नाही."

ही भुवई आणि हे तळघर दिनकर आजोबांची नात आर्या हुबेहूब वठवायची. इतकं, की एकदा जिन्याखालून तिनं बेबीकाकूंच्या आवाजात "अगो मेघा" अशी हाक मारली, तर तिची आई मेघा हातातली कढई ठेवून गॅलरीत धावली होती.

अफवेत अर्धं खरं होतं. पलीकडे कुणीतरी होतं. फक्त ती बाई होती, तिच्या कडेवर तान्हं पोर होतं, आणि मंगळसूत्र तिनं स्वतःच्या तोंडानं मागून घेतलं होतं.

विनता मावशी गोंदियाची. नवरा सुमेध नागपूरला रेल्वेत, आणि ही इथं फिरत्या दवाखान्यात नर्स. धरण भरलं तेव्हा काही वस्त्या पाण्याच्या पार राहिल्या. तिथं रस्ता जात नाही, नाव जाते. त्या नावेतून ती जायची. कुणाचा ताप बघ, कुणाचं बीपी, गरोदर बायकांची तपासणी, लेकरांच्या लसी. तिला झेपण्यापलीकडचं काही निघालं, तर टेकडीवर चढून फोनला रेंज शोधायची नि डॉक्टरला विचारायचं. लसींचा निळा डबा कायम उजव्या हातात, म्हणून तिचा उजवा खांदा खाली झुकलेला. हातात डबा नसला तरी झुकलेलाच. आर्या तिची नक्कल करायची ती एवढ्यावरच. एक खांदा पाडायचा आणि समोरच्याला विचारायचं, "काहून, जेवून राहिला ना नीट?" बस, विनता मावशी उभी.

दिनकर आजोबांना मात्र त्या खांद्याचं काही नव्हतं, त्यांचं लक्ष गळ्यावर होतं. ते तोफांच्या कारखान्यातून रिटायर झालेले. तिथं आयुष्यभर तयार मालातली खोट शोधली, आता घरात शोधत. त्यांनी मावशीला जिन्यातच गाठलं.

"गळा असा रिकामा काहून?"

"ठेवून आली आहे एकीकडे, आजोबा. मंगळवारी आणते."

"गहाण?"

"तसंच समजा."

आजोबा तसंच समजले. मंगळवारी संध्याकाळी गळ्यात दिसलं तर ठीक, नाही तर दुसरी खोली पाहून घ्या, असं सांगून ते आत गेले. एकट्या बाईला, त्यातही औषधांचा डबा घेऊन वेळीअवेळी परतणाऱ्या बाईला, जबलपुरात खोली देतं कोण. याआधीच्या दोन घरमालकांनीही अशाच काहीतरी संशयावरून तिला काढलं होतं.  मावशीनं डाव्या हातानं गळा चाचपला, जिथं काही नव्हतं.

आर्याला शाळेची सुट्टी होती. तिनं मंगळवारी मावशीबरोबर जायची परवानगी मागितली, आणि आजोबांनी ती इतक्या पटकन दिली की तिलाच संशय आला. निघताना ते कानाशी येऊन म्हणाले, "डोळे उघडे ठेव." आई म्हणाली ते वेगळंच. "विनता, हिची धनुर्वाताची सुई राहून गेली आहे. जमलं तर देऊन टाक. माझ्या हाती तर लागत नाही ही." शाळेत सुया होत्या त्या दिवशी आर्यानं आईच्या आवाजात बाईंना फोन करून आपल्याला ताप असल्याचं कळवलं होतं.

नाव मोहन भैयाची. पाणी ओलांडताना आर्यानं सरळच विचारलं, आणि मावशीनंही सरळच सांगितलं. लस दिली की पोराला ताप येतो. येणारच. पण तोवर नर्स नावेत बसून गेलेली असते, आणि माय रात्रभर एकटी. फार आधी एका वस्तीत असंच झालं, नि लोक म्हणाले, टोचून पळाली. पुढं तिथल्या बायका हिला पाहिलं की दारं लावून घेत. तेव्हा तिनं घड्याळ काढून एका मायच्या हातात दिलं. मी परत येईन, तोवर हे तुझ्याजवळ. तेव्हापासून तीच रीत झाली. सुई टोचली की काहीतरी ठेवायचं. आणि काय ठेवायचं ते माय ठरवणार.

"पण ज्या सुखवतीकडे मंगळसूत्र आहे, तिनं घड्याळ घेतलं नाही," मावशी म्हणाली. "म्हणे घड्याळ तर तू दुसरं घेशील. जे सोडून राहू शकत नाहीस ते दे."

आर्याला हसू आलं. काय पण गोष्ट रचली होती. आणि खरी असली तरी सोनं एकदा गेलं की गेलं.

"मावशी, पैज लावा. मिळत नाही ते परत."

"चलो, लावली. मिळालं तर तुझी सुई."

"आणि नाही मिळालं तर?"

"मग माझी खोली जाईलच. तू वरून अजून काय घेशील?"

वस्तीत सुखवतीच्या दाराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, बाजाराला गेली. कधी येईल, ठाऊक नाही. आर्यानं मावशीकडे असं पाहिलं जसं बेबीकाकू पाहतात. मावशीनं डबा झाडाखाली ठेवला, दुर्बीण लावल्यासारखे चष्म्यातून डोळे बारीक केले आणि एका म्हातारीचं बीपी बघायला बसली. बाकी बायका लांब उभ्या. कुणी जवळ येईना. त्यांच्याही नजरा मावशीच्या रिकाम्या गळ्यावरच होत्या. आर्याला वाटलं, ही तर नेपियर टाउनचीच गल्ली.

दुपार कलली तेव्हा सुखवती आली. पोर कडेवर, डोक्यावर टोपली. मावशीनं विचारलं, ताप किती दिवस होता, दूध ओढतो का, टोचल्याजागी गाठ आली का. पोराला मांडीवर घेऊन दंड बघितला. मंगळसूत्राचं नाव नाही. सुखवतीही टक लावून बघत बसली. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघून राहिल्या होत्या.

आर्या कानाशी कुजबुजली, "मागा ना. नाव निघून राहिली."

"मागितलं तर तिला वाटेल, मी सोन्यासाठी आली," मावशी म्हणाली. "मी पोरासाठी आली."

काठावरून मोहन भैयानं हाळी दिली. मावशीनं सामान आवरलं, बॅग खांद्याला लावली, डबा उचलला. उजवा खांदा खाली गेला. ती खरंच निघाली. आर्या मागोमाग, आपण पैज जिंकल्याचं ओझं घेऊन. आजोबांना काय सांगायचं, हे तिला आता सुचेना.

"ओ सिस्टर."

हाक मारून सुखवती घरात शिरली. मातीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून तिनं कोदो धान्याच्या दाण्यांतून एक गाठोडी काढली. फडकं सोडलं. काळे मणी, दोन वाट्या, सगळं जागच्या जागी. मावशीच्या गळ्यात ते तिनंच घातलं.

"मांगती तो नहीं देती," ती म्हणाली. "देख रही थी, पहले लड़के को पूछेगी कि इसको."

लांबच्या बायका जवळ सरकल्या. दोघींनी आपापली लेकरं पुढं केली. पण सुखवतीचा संशय एवढ्यात भागणारा नव्हता. पोराची मागं राहिलेली एक सुई आज द्यायची होती, तर आता काय ठेवणार, असं तिनं विचारलं. मावशीच्या अंगावरून तिची नजर फिरली, घड्याळावर थांबली नाही, कानांवर थांबली नाही, आणि आर्यावर येऊन टेकली.

"इस बिटिया को छोड़ जाओ।"

सगळ्या हसल्या. मावशीही हसली, आणि म्हणाली की हिला तर आजोबांकडे परत न्यायचंय, पण हिची स्वतःची एक सुई बाकी आहे. ती इथंच देते, तुमच्या डोळ्यांसमोर. मग तर विश्वास बसेल?

सुखवतीनं विचार केला. "पहले इसको लगाओ।"

आर्यानं काठाकडे पाहिलं. मोहन भैया आता अजिबात घाईत नव्हता. तो नावेतून उतरून बघायला आला होता. वस्तीतली सगळी चिल्लीपिल्ली पुढं येऊन बसली. आर्यानं बाही वर केली, दात आवळले, आणि सुई टेकायच्या आधीच तिच्या तोंडून एक लांब, वळणं घेत जाणारं "आई गंऽऽ" निघालं.  मग एकानं दंड धरून तेच काढलं. दुसऱ्यानं त्याच्याहून बरं काढलं. सुखवतीच्या पोराला सुई लागली तेव्हा ते एवढंसंच रडलं, आणि सगळ्यांनी आर्याकडे बघितलं.

संध्याकाळी दिनकर आजोबांनी चष्मा पुसून गळा पाहिला, "अच्छा, ठीक," म्हणाले आणि खोलीचा विषय पुन्हा काढला नाही. बेबीकाकूंनी मात्र गॅलरीतूनच निकाल दिला की हे नवं आहे, बडा फुहाऱ्याच्या बाजारात असलंच मिळतं, नकली.

पुढच्या मंगळवारी मावशी परतली तेव्हा आर्या जिन्यात उभी होती. वस्तीतली पोरं अजून तिची नक्कल करतात का, हे तिला विचारायचं होतं, पण विचारायचंही नव्हतं. मावशीनं डबा खाली ठेवला, डाव्या दंडावर हात दाबला, डोळे मिटले, आणि "आई गंऽऽ" काढलं. मधली वळणं, शेवटी फुटलेला आवाज, सगळं.

आर्याला त्यात काढण्यासारखी एकही खोट सापडली नाही.